जुन्या गाडीचा विमा : पुरात गेलेल्या पद्मिनीची रास्त भरपाई कशी मिळवायची?

पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही हा विषय मुद्दाम घेतला आहे. आम्ही काही वकील नाही आणि विमा कंपनीची माणसंही नाही. विम्याचे कागद घेऊन येणाऱ्या लोकांबरोबर बसायचं, ते कागद वाचायचे आणि पत्रं लिहायला मदत करायची, एवढंच आमचं काम. त्यात जुन्या गाड्यांचे क्लेम फार वेगळे निघतात, हे आमच्या लक्षात आलं. नवीन गाडीला जे नियम सरळ लागू पडतात, तेच नियम चाळीस वर्षांच्या गाडीला लावले की मालकाचं नुकसान होतं. बहुतेक वेळा त्यात कुणी फसवलेलं नसतं, तरीही नुकसान होतं. ते कसं होतं आणि कसं टाळायचं, हे आज बघू.

डोंबिवलीत हा विषय कशासाठी?

कल्याण-शीळ रस्त्यावरचं प्रीमियर मैदान तुम्हाला माहीत असेल. ते नाव कुठून आलं, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सुरू केली. तिचा मुख्य कारखाना कुर्ल्याला आणि दुसरा इथे, आपल्या डोंबिवलीजवळ. नव्वदच्या दशकात याच इथल्या कारखान्यातून प्यूजो ३०९ ही गाडी बाहेर पडत होती. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट आधी 'अकराशे डिलाइट' होती, मग 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. मुंबईतली शेवटची नोंदणीकृत काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. पण खासगी पद्मिनी अजून आहेत. ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणात कुठल्या तरी सोसायटीच्या कोपऱ्यात कव्हर घातलेली एखादी हमखास दिसते. कुणाच्या वडिलांनी प्रीमियरमध्ये नोकरी केलेली असते, कुणी लग्नानंतर पहिली गाडी म्हणून घेतलेली असते.

आणि दुसरं कारण म्हणजे पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सगळ्यांना आठवतं. पण त्याच दिवशी उल्हास नदीनं बदलापूर-कल्याण पट्ट्यात काय केलं, ते आपण इथे बसलेल्यांनी पाहिलं आहे. २०१९ च्या जुलैत पुन्हा तेच. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, शेकडो प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. त्या वेळी वालधुनीच्या काठानं, कल्याणच्या खाडीकडे, तळमजल्यावर उभ्या असलेल्या गाड्यांचं काय झालं, ते टीव्हीवर दिसलं नाही. ठाण्यात वंदना टॉकीजसमोर तर दर मोठ्या पावसात पाणी साचतं.

तेव्हा जुनी गाडी, पूर आणि विमा हे तिन्ही आपल्याकडे एकत्र येतात.

आधी एक आकडा : आयडीव्ही

तुमच्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर 'आयडीव्ही' असा एक आकडा असतो. मराठीत आपण त्याला विमा किंमत म्हणू. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण नष्ट झाली, तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल, याचा तो आकडा. पुढचं सगळं भांडण याच आकड्यावर उभं असतं.

नवीन गाडीला हा आकडा काढायचं कोष्टक ठरलेलं आहे. गाडीच्या चालू यादीतल्या किमतीतून घसारा वजा करायचा. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांनंतर काय? तिथे कोष्टक संपतं. पाच वर्षांपेक्षा जुनी गाडी, आणि जिचं उत्पादन कंपनीनं बंद केलं आहे असं मॉडेल, या दोन्हींची विमा किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची, असं भारतीय मोटर टॅरिफमध्ये लिहिलेलं आहे. पद्मिनी दोन्ही निकषांत बसते.

'आपसात ठरवायची' याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुम्हाला बोलायचा अधिकार आहे. पण प्रत्यक्षात काय होतं? एजंट गेल्या वर्षीचा आकडा घेतो, त्यातून थोडं कमी करतो, प्रीमियम हजार-पाचशेनं उतरतो आणि आपण खूश होतो. असं पंधरा वर्षं चाललं की ज्या गाडीला बाजारात दोन लाख देणारा माणूस उभा आहे, तिची विमा किंमत कागदावर साठ हजार झालेली असते. याला आपली सही असते. मग पूर आल्यावर कंपनीशी भांडून उपयोग होत नाही, कारण आकडा दोघांनी मिळून ठरवलेला असतो.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मालकाच्या फायद्याची आहे. एकदा आकडा ठरला आणि त्यावर प्रीमियम घेतला, की पॉलिसीच्या त्या वर्षात तोच गाडीचा बाजारभाव धरला जातो. पूर्ण नुकसानीच्या क्लेममध्ये 'गाडी जुनी आहे' म्हणून त्यातून पुन्हा घसारा कापता येत नाही. प्रमाणित पॉलिसीतच हे लिहिलं आहे.

व्हिंटेज म्हणजे नेमकं काय?

आपण बोलताना सगळ्याच जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणतो. कागदावर मात्र दोन वेगळ्या व्याख्या आहेत आणि त्यांची गल्लत होते.

पहिली विम्याची. मोटर टॅरिफनुसार ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र असलेली गाडी म्हणजे व्हिंटेज. अशाच गाडीला 'ठरलेल्या किमतीची' पॉलिसी देण्याची मुभा होती. म्हणजे गाडी पूर्ण गेली तर ठरलेली रक्कम घसारा न कापता मिळते. शिवाय स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर २५ टक्के सूट.

दुसरी आरटीओची. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत बदल केला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, मोठे फेरफार न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. फी २० हजार, नोंदणी दहा वर्षांची, नंतर नूतनीकरणाला ५ हजार. नंबर प्लेटवर 'व्हीए' अशी अक्षरं येतात. थर्ड पार्टी प्रीमियमवर ५० टक्के सवलतही मिळते. पण अट मोठी आहे. ती गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते.

आता १९७५ ची पद्मिनी घ्या. आरटीओच्या व्याख्येत ती बसू शकते, विम्याच्या जुन्या व्याख्येत बसत नाही. १९८८ ची पद्मिनी दोन्हींत बसत नाही. म्हणजे आपल्या भागातल्या बहुतेक जुन्या गाड्या विम्याच्या दृष्टीनं 'साध्या, फक्त खूप म्हाताऱ्या' गाड्या आहेत. म्हणून त्यांच्यासाठी विमा किंमत नीट ठरवून घेणं हाच मुख्य उपाय उरतो.

किंमत ठरवून कशी घ्यायची?

पॉलिसी ऑनलाइन नूतनीकरण करू नका. तिथे आकडा ठरावीक मर्यादेतच हलवता येतो. कंपनीच्या शाखेत जा, किंवा एजंटला घरी बोलवा आणि लेखी अर्ज द्या. अर्जाबरोबर चार गोष्टी जोडा. एक, गाडीचे आतून-बाहेरून, इंजिनाचे, चासी नंबरचे तारखेसह फोटो. दोन, गेल्या काही वर्षांत केलेल्या कामाची बिलं. इंजिन बोअर केलं असेल, पत्र्याचं काम, रंग, कुशन, जे असेल ते. तीन, परवानाधारक सर्व्हेअर किंवा मूल्यांकन करणाऱ्याकडून गाडीचा लेखी अहवाल. चार, तशाच गाड्या सध्या किती रुपयांना विकायला आहेत, त्याच्या जाहिरातींच्या प्रती. कंपनी गाडीची तपासणी करायला माणूस पाठवेल, पाठवू द्या. तपासणीचा अहवाल उद्या तुमच्याच कामाला येतो.

प्रीमियम वाढतो का? वाढतो. जुन्या टॅरिफमध्ये अशा गाड्यांचा दर विमा किमतीच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास होता. २००७ पासून दर मोकळे झाले, कंपनीनुसार फरक पडतो. पण अंदाज घ्यायला जुना दर धरला, तर विमा किंमत साठ हजारांवरून दोन लाखांवर नेली की वर्षाला पाचेक हजार जास्त जातील. ते जायचे की नाही, हे पुढचा हिशोब बघून ठरवा.

एकाच गाडीचे दोन हिशोब

प्रमाणित पॉलिसीत दोन नियम आहेत. पहिला, दुरुस्तीचा एकूण खर्च विमा किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, की गाडी 'कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस', म्हणजे हिशोबापुरती पूर्ण नष्ट झाली असं धरतात. दुसरा, दुरुस्तीचा क्लेम असेल तर बदललेल्या सुट्या भागांवर घसारा लागतो. रबर, प्लास्टिक, टायर-ट्यूब, बॅटरी यांवर ५० टक्के. फायबरग्लासवर ३०. काचेवर काहीच नाही. पत्रा आणि इतर धातूंवर गाडीच्या वयानुसार, दहा वर्षांवरच्या गाडीला ५० टक्के. रंगकामाच्या बिलातला २५ टक्के भाग हा मालाचा धरतात आणि त्यावर ५० टक्के. मजुरीवर मात्र घसारा नाही. शेवटी १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला एक हजार रुपये सक्तीची वजावट. पद्मिनीचं इंजिन १,०८९ सीसीचं, म्हणजे एक हजार.

आता समजा, पुरानंतर गॅरेजनं ७० हजारांचं इस्टिमेट दिलं. त्यात पत्र्याचे आणि धातूचे नवे भाग २० हजार, रबर-बॅटरी वगैरे १० हजार, रंगकाम १६ हजार, मजुरी २४ हजार. जीएसटी आपण सोयीसाठी बाजूला ठेवू.

विमा किंमत ६० हजार असेल, तर तिचे ७५ टक्के म्हणजे ४५ हजार. इस्टिमेट त्याच्या वर गेलं, गाडी टोटल लॉस. गाडी कंपनीला देऊन टाकली तर ५९ हजार मिळतील. गाडी स्वतःकडे ठेवायची असेल, तर भंगार किंमत वजा होईल. भंगारवाल्याची बोली समजा २५ हजार आली, तर हातात ३४ हजार. वर गाडी दुरुस्त करायला ७० हजार आपल्या खिशातून. शिवाय टोटल लॉसमध्ये कंपनी आरसी रद्द करून आणायला सांगू शकते. तसं झालं तर गाडी दुरुस्त होऊनही रस्त्यावर आणता येणार नाही.

विमा किंमत दोन लाख असेल, तर ७५ टक्के म्हणजे दीड लाख. इस्टिमेट त्याच्या आत आहे, म्हणजे हा दुरुस्तीचा क्लेम. धातूच्या भागांचे १० हजार, रबर-बॅटरीचे ५ हजार, रंगकामाच्या १६ हजारांतून दोन हजार कापून १४ हजार, मजुरीचे पूर्ण २४ हजार. बेरीज ५३ हजार, एक हजार वजा, हातात ५२ हजार. गाडी तुमची, आरसी तुमची, खिशातून १८ हजार.

पूर तोच, गाडी तीच, गॅरेज तेच. कल्याणच्या एका काकांचे कागद आमच्याकडे आले, तेव्हा त्यांची गाडी उचलून नेलेली होती आणि टोटल लॉसच्या कागदावर त्यांची सही झालेली होती. त्यांना पैशांचं तेवढं दुःख नव्हतं. ते म्हणाले, "गाडी जाईल असं कुणी मला सांगितलंच नाही." पॉलिसीच्या पहिल्या पानावर ते लिहिलेलं होतं, फक्त एका आकड्याच्या रूपात.

नवा भाग की दुरुस्ती?

वरच्या हिशोबात एक गोष्ट लपलेली आहे. नव्या गाडीत मालकाला वाटतं, जितके जास्त नवे भाग तितकं बरं. जुन्या गाडीत उलट आहे. नव्या भागाचे निम्मे पैसे तुमच्या खिशातून जातात, मजुरीचे पूर्ण मिळतात. म्हणजे दरवाजाचा पत्रा बदलण्याऐवजी चांगल्या डेंटरकडून सरळ करून घेतला, सीट नवी घेण्याऐवजी कुशनवाल्याकडून भरून घेतली, वायरिंग उघडून साफ केलं, तर तीन फायदे होतात. कापणी कमी होते, एकूण इस्टिमेट ७५ टक्क्यांच्या आत राहायला मदत होते आणि गाडीचे मूळ भाग टिकतात. जुन्या गाडीची किंमत तर मूळ भागांतच असते.

म्हणून इस्टिमेट बनवणारा मेकॅनिक जुन्या गाड्यांवर हात बसलेला हवा. नव्या गाड्यांच्या मोठ्या वर्कशॉपला पद्मिनीचा भाग माहीत नसतो, ते 'उपलब्ध नाही' लिहून मोकळे होतात. जो भाग खरोखर बदलावाच लागेल, त्यासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा ऑपेरा हाऊसच्या बाजारातून लेखी कोटेशन आणा. तोंडी भाव सर्व्हेअरच्या कामाचा नाही. इस्टिमेटमध्ये मजुरी आणि माल वेगवेगळा लिहून घ्या. 'एकूण काम ७० हजार' असा एका ओळीचा कागद आला, तर कापणी कशी करायची हे समोरचा ठरवतो.

पाणी शिरल्यावर पहिले दोन दिवस

पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करू नका. स्टार्टर मारू नका, धक्का मारून बघू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरलं, तर पिस्टन ते पाणी दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आता पुरामुळे झालेलं नुकसान पॉलिसीत येतं. पण यांत्रिक बिघाड आणि परिणामी नुकसान येत नाही. कंपनी म्हणते, पाण्यानं गाडी भिजली हे मान्य, रॉड मात्र तुम्ही चावी फिरवल्यामुळे वाकला. या मुद्द्यावर खूप क्लेम अडतात. पॉलिसीतच अट आहे की नुकसान वाढू नये याची काळजी मालकानं घ्यायची, आणि दुरुस्तीआधी गाडी चालवली तर वाढीव नुकसान मालकाचं.

बॅटरीची वायर काढा. पाणी कुठपर्यंत चढलं होतं, ती रेघ गाडीवर आणि भिंतीवर दिसत असतानाच फोटो घ्या. आजूबाजूचा परिसर, सोसायटीचं नाव फोटोत येऊ द्या. दुसऱ्या दिवशीच्या पेपरमधली बातमी कापून ठेवा. कंपनीला फोन करा आणि लगेच ईमेलही करा. फोनचा पुरावा राहत नाही. घर पाण्यात असल्यामुळे कळवायला उशीर झाला, तर कारण लिहा आणि कळवा. केवळ उशीर झाला म्हणून खरा क्लेम नाकारू नये, असं विमा नियामकानं २०११ मध्येच कंपन्यांना बजावलं आहे.

टोइंग करून गाडी गॅरेजला न्या, पावती घ्या. प्रमाणित पॉलिसीत खासगी गाडीच्या टोइंगला १,५०० रुपयांपर्यंत मिळतात. कल्याणहून ठाण्याला गाडी नेली तर ते पुरणार नाहीत, त्यामुळे जवळचं गॅरेज बघा. आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत इंजिन उघडू नका.

सर्व्हेअरशी कसं वागायचं?

सर्व्हेअर हा कंपनीनं नेमलेला, पण नियामकाचा परवाना असलेला स्वतंत्र माणूस असतो. त्याला शत्रू समजू नका. त्याला दिवसात अनेक गाड्या बघायच्या असतात आणि पद्मिनी त्यानं वर्षात एखादी पाहिलेली असते. तुम्ही त्याला जितके कागद द्याल, तितका त्याचा अहवाल तुमच्या बाजूनं भरीव होईल. तो येईल तेव्हा मेकॅनिकला हजर ठेवा. तो काय बघतोय, काय सोडतोय, ते वहीत लिहा. त्या संध्याकाळी त्याला आणि कंपनीला एक साधा ईमेल करा : आज आपण अमुक भाग पाहिले, अमुक भाग इंजिन उघडल्यावर पुन्हा पाहायचे ठरलं. उद्या 'हे तर आम्हाला सांगितलंच नव्हतं' असा वाद होत नाही.

२०२४ च्या नियमांनुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीनं ७ दिवसांत निर्णय कळवायचा. अहवालाची प्रत लेखी मागा. ती मिळाल्याशिवाय कापणी कुठे झाली, ते कळणार नाही.

आणि अहवाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. २००९ मध्ये एका ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असतो, पण तो अंतिम शब्द नाही. पुराव्यानं तो बाजूला ठेवता येतो. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयानं कंपन्यांनाही सांगितलं की मनासारखा अहवाल येईपर्यंत एकामागून एक सर्व्हेअर नेमत बसता येणार नाही.

देऊ केलेली रक्कम कमी वाटली तर

रागावून पत्र लिहू नका. अहवाल आणि आपलं इस्टिमेट शेजारी ठेवा आणि ओळीनं बघा. साधारण तीन प्रकारची कापणी दिसते. घसारा चुकीच्या भागावर लावलेला असतो, उदाहरणार्थ काचेवर किंवा मजुरीवर. काही काम 'जुनी झीज' म्हणून वगळलेलं असतं. किंवा भागाची किंमत कमी धरलेली असते. पहिल्याला पॉलिसीचं कलम दाखवा, दुसऱ्याला पुराआधीचे फोटो आणि बिलं, तिसऱ्याला बाजाराचं कोटेशन. प्रत्येक ओळीला एक उत्तर. जी कापणी बरोबर आहे, ती मान्य आहे असंही लिहा. त्यानं तुमच्या बाकीच्या म्हणण्याला वजन येतं.

कंपनी 'पूर्ण आणि अंतिम' असं लिहिलेला कागद सहीला देईल. घाईनं सही करू नका. पैशांची फारच निकड असेल, तर आधी लेखी कळवा की रक्कम हरकत नोंदवून स्वीकारत आहोत. दबावाखाली घेतलेल्या अशा सहीमुळे ग्राहकाचा दावा आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये म्हटलं आहे. पण दबाव होता हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. त्यापेक्षा आधीच हरकत नोंदवलेली बरी.

यानंतरच्या पायऱ्या अशा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. ती नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवरही नोंदवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. त्यासाठी मुदत एक वर्ष. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. ठाणे जिल्ह्यासाठी आता ठाण्यातच लोकपालाचं कार्यालय आहे, मुंबई-पुण्याला जावं लागत नाही. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा, तिथे मुदत दोन वर्षं. पण एकाच वेळी दोन्हीकडे जाता येत नाही. आमचा अनुभव असा की वाद फक्त रकमेचा असेल आणि कागद नीट असतील, तर लोकपालाकडे लवकर निकाल लागतो.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*गाडी बाबांच्या नावावर आहे. ते गेल्या वर्षी वारले. पॉलिसी त्यांच्याच नावानं भरली. चालेल का?*

हा प्रश्न आज विचारलात, बरं झालं, कारण जुन्या गाड्यांमध्ये हे घरोघरी आहे. मालक वारल्यावर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, जे आधी असेल तोपर्यंतच वारसांसाठी चालू राहते. त्या काळात वारसानं नाव बदलून घ्यायचं असतं. आरटीओतही मृत्यूची खबर ३० दिवसांत आणि हस्तांतरणाचा अर्ज तीन महिन्यांत द्यायचा असतो. वारलेल्या माणसाच्या नावानं नूतनीकरण केलेली पॉलिसी क्लेमच्या वेळी गोत्यात आणते. उशीर झाला असला तरी उद्याच सुरुवात करा. ठाण्याच्या एमएच-०४ ची गाडी असो की कल्याणच्या एमएच-०५ ची, आधी आरसी, मग पॉलिसी.

*दुसऱ्याकडून जुनी गाडी घेतली, त्याची पॉलिसी चालू आहे. मग?*

थर्ड पार्टीचा भाग आपोआप तुमच्याकडे येतो. स्वतःच्या नुकसानीचा भाग येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा.

*गाडीला सीएनजी किट आहे.*

आरसीवर नोंद आहे का आणि पॉलिसीत त्याचा वेगळा उल्लेख आहे का, ते बघा. नसेल तर किटचे पैसे तर मिळणार नाहीतच, उलट न सांगता फेरफार केला म्हणून बाकीचा क्लेमही अडू शकतो.

*पंधरा वर्षं होऊन गेली, आरसीचं नूतनीकरण राहून गेलं आहे. विमा मात्र दरवर्षी भरतो.*

मग प्रीमियम वाया जायची भीती आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. वैध नोंदणी नसताना गाडी वापरणं हा पॉलिसीचा मूलभूत भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये एका चोरीच्या प्रकरणात धरलं आणि क्लेम नाकारणं योग्य ठरवलं. आधी ते काम करा.

*आमची फक्त थर्ड पार्टी पॉलिसी आहे. पुराचं काही मिळेल?*

नाही. थर्ड पार्टी पॉलिसी दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असते. कायद्यानं तेवढीच सक्तीची आहे, म्हणून जुन्या गाडीला बरेच जण तेवढीच घेतात. गाडी भंगारात द्यायचीच असेल तर ठीक आहे. ठेवायची असेल तर पुरेशी नाही.

वेळ संपत आली आहे. आज घरी गेल्यावर एकच काम करा. कपाटातली पॉलिसी काढा आणि पहिल्या पानावरचे तीनच रकाने बघा : नाव कुणाचं आहे, मुदत कधी संपते आणि विमा किंमत किती लिहिली आहे. त्यातला एकही चुकीचा वाटला तर पाऊस सुरू व्हायच्या आत शाखेत जाऊन या. अर्ज लिहायला अडचण आली तर कागद घेऊन आमच्याकडे या, आपण मिळून लिहू.